एकाच कंठाचा वृंद

आपला वाद्यवृंद मोडल्यावर, प्रेयसीचा वियोग झाल्यावर आणि आजाराने अंगातले त्राण हरपल्यावर, अमेरिकेतील जस्टिन व्हर्नन या तरुणाने २००६-०७ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनच्या रानातील वडिलांच्या शिकारीसाठीच्या लाकडी घरात मुक्काम केला आणि ‘बॉन इव्हेर’ या नावाने ‘फॉर एमा, फॉरएव्हर अगो’ हा गीतसंग्रह बहुतांशी तेथेच ध्वनिमुद्रित केला, ही हकीकत आता इतकी सर्वतोमुखी झाली आहे की, तिलाच लोक त्या संगीताचे रसग्रहण समजतात; माझी हरकत आहे ती याला. बर्फ, एकांत आणि भग्न हृदय ही त्या निर्मितीची परिस्थिती होती; तिचे कारण शोधावयाचे तर त्या लाकडी घरात झालेल्या श्रमांची दखल घेतली पाहिजे.

सामग्री बेताचीच होती: संगणक, जुनी सिल्व्हरटोन गिटार आणि कोणत्याही कार्यक्रमाच्या मंचावर सर्रास आढळणारा शुअर एसएम ५७ हा मायक्रोफोन. परंतु स्टुडिओत तासाच्या भाड्याचा जो अखंड तगादा असतो तो तेथे नव्हता, आणि एकच ओळ मनाजोगती होईपर्यंत गात राहण्याची पूर्ण मुभा होती. संग्रहातील ‘लम्प सम’ या गीताच्या आरंभी प्रार्थनामंदिरातील गायकवृंदासारखा जो नादसमूह उमटतो, त्यात त्या मुभेचे चीज झालेले ऐकू येते. आधी एक ओळ मुद्रित करावयाची, हेडफोनमधून ती ऐकत तीवर तीच पुन्हा गावयाची, मग वरच्या व खालच्या स्वरांची तिला जोड द्यावयाची आणि तो थरही पुन्हा गाऊन दुणावयाचा, अशी ही चिकाटीची रीत आहे. पहिल्या ओळीची यंत्राने हुबेहूब नक्कल करून ती मूळ ओळीवर ठेवली, तर आवाज केवळ मोठा होतो. वृंदाचा भास होतो तो दर खेपेस श्वास किंचित मागेपुढे पडल्यामुळे, स्वर केसभर ढळल्यामुळे. म्हणजे ज्या सूक्ष्म तफावती एरवी दोष म्हणून पुसल्या जातात, त्यांच्यावरच ही स्वप्निल माधुरी उभी आहे. एका स्वरावलीचा क्रमाक्रमाने होणारा विस्तार ऐकण्यात मुरलेल्या, रागसंगीतावर पोसलेल्या आपल्या कानांनी तर हा संग्रह अवश्य ऐकावा. कारण येथे भाव पुढे सरकतो तो स्वरांच्या एकाच क्षणी होणाऱ्या मीलनातून.

शब्दांविषयी मात्र मी इतका समाधानी नाही. व्हर्ननने प्रथम निरर्थक अक्षरांवर चाली गुणगुणल्या आणि मग त्या ध्वनींतून शब्द शोधले. त्यामुळे नाद अखंड राहिला, तरी कित्येक ठिकाणी अर्थ धुक्यात हरवतो. ‘स्किनी लव्ह’सारख्या गीतात, जेथे संताप सरळ बोलतो, तेथे ही उणीव जाणवत नाही.

निखळ एकांताची आख्यायिकाही पुरती खरी नाही, कारण शीर्षकगीतातील पितळी सुषिर वाद्ये दुसऱ्या वादकांनी वाजविली आहेत. २००७ मध्ये व्हर्ननने स्वतःच थोड्या प्रती काढल्या आणि २००८ मध्ये ‘जॅगजॅगुवार’ कंपनीने हा संग्रह रीतसर प्रसिद्ध केला. पुढे विस्कॉन्सिनमध्येच जनावरांच्या दवाखान्याच्या जुन्या इमारतीत त्याने आपला सुसज्ज स्टुडिओ थाटला, २०११ चा संग्रह तेथे सिद्ध केला, आणि हाताशी वादक व उत्तम सामग्री असतानाही आपल्याच आवाजाचे थरावर थर रचण्याची रीत सोडली नाही.