कांद्याला बंदी, कोडला मुभा

बावधनहून चांदणी चौकाकडे चालत निघालं की वाटेत फळांच्या गाड्या लागतात. त्यातल्या एकीवर वॉशिंग्टनची सफरचंदं रचलेली असतात, प्रत्येकावर इवलंसं स्टिकर. आमच्या सोसायटीतले एक काका, बँकेतून निवृत्त झालेले, संध्याकाळी माझ्यासोबत फिरायला असतात. परवा त्यांनी एक सफरचंद उचलून माझ्या नाकासमोर धरलं. "हा बघा तुमचा मुक्त व्यापार! हिमाचलच्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय."

काकांचं उदाहरण चुकलं होतं. वॉशिंग्टनचं सफरचंद आपल्या गाड्यांवर आलं ते कुठल्याही मुक्त व्यापार कराराच्या पाठीवर बसून आलेलं नाही. त्याच्यावर पन्नास टक्के आयात शुल्क होतं. जून २०१९ पासून सप्टेंबर २०२३ पर्यंत तर सत्तर टक्के. एवढं भरूनही ते बावधनपर्यंत पोचत असेल, तर शिव्या द्यायला करार हे ठिकाण बरोबर नव्हे.

पण काकांचा पूर्वपक्ष सफरचंदापुरता नाही, आणि तो दुबळा करून खोडणं लबाडीचं होईल. त्यांचं सगळ्यात वजनदार उदाहरण खाद्यतेलाचं आहे. १९८६ साली तेलबियांचं तंत्रज्ञान अभियान सुरू झालं आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश आपल्या गरजेचं जवळजवळ सगळं तेल स्वतः काढू लागला. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली. आज निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियाच्या पामतेलाचा. लातूरचा सोयाबीनवाला हमीभावासाठी रांगेत उभा राहतो आणि आपल्या कढईत पामतेल उकळतं. काका म्हणतात, हे करारांनी केलं.

क्रम खरा आहे, कारण खोटं. जागतिक व्यापार संघटनेत भारताने पामतेलावर तीनशे टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा राखून ठेवली आहे. सोयातेलावर ही मर्यादा पंचेचाळीस टक्के आहे. आसियान देशांशी २०१० पासून करार आहे, त्यात पामतेलावरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरायचं ठरलं. पण तिथेही तीस टक्क्यांच्या वर शुल्क ठेवता येत होतं. प्रत्यक्षात सप्टेंबर २०२४ पर्यंत कच्च्या खाद्यतेलावर सेससकट साडेपाच टक्के होते. मग ते साडेसत्तावीस झाले आणि मे २०२५ अखेर पुन्हा साडेसोळावर आले. यातल्या एकाही आकड्यासाठी जिनिव्हातल्या व्यापार संघटनेतून कुणी हात पिरगाळला नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं अकरा टक्के आयात शुल्क काढलं, तेही कुठल्या कराराने नाही. आपणच अधिसूचना काढली, विदर्भातला कापूस बाजारात यायच्या तोंडावर.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल काका कधीच बोलत नाहीत. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली. नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर उतरले, लिलाव बंद पडले. बंदी ४ मे २०२४ ला उठली, पण टनाला साडेपाचशे डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि तेच चाळीस टक्के मागे ठेवून. शेवटचे वीस टक्के १ एप्रिल २०२५ ला गेले. म्हणजे दीड वर्षाहून जास्त काळ महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यावर जो व्यापार लादला गेला, तो मुक्त व्यापाराच्या बरोबर उलटा होता. आणि आपल्या मुळशीचा इंद्रायणी? बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात २० जुलै २०२३ ला बंद झाली. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत पोत्यांसाठी झुंबड उडाली, त्यात आपल्यातल्या कित्येकांची मुलं-सुना असतील. पौड रस्त्याला बसून इंद्रायणी विकणारा शेतकरी काही रोज कंटेनर भरत नव्हता, हे कबूल. पण घाऊक बाजार मोठ्या गिऱ्हाइकाच्या जाण्याने पडतो, आणि तो पडला की लहानाचाही भाव पडतोच.

इथे मला आयटी कंपन्यांची हिंजवडी आठवते. तीही मुळशी तालुक्यातलीच. बावधनच्या निम्म्या इमारतींचे हप्ते तिथल्या पगारांतून फिटत असावेत, आणि ते पगार परदेशी गिऱ्हाइकांच्या डॉलरमधून येतात. पुण्यातल्या कंपन्यांना सॉफ्टवेअर महाग पडतंय, प्रोग्रामर परवडत नाहीत, म्हणून हिंजवडीच्या कोडवर कधी चाळीस टक्के निर्यात शुल्क लागलं का? काकांचा मुलगा तिथेच असतो. हा प्रश्न विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले, मग म्हणाले, "ते वेगळं." वेगळं कसं, ते सांगितलं नाही.

काकांचा शेवटचा आधार रानडे. १८९२ साली डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्तींनी मुक्त व्यापाराचं विलायती शास्त्र भारताला जसंच्या तसं लागू पडत नाही असं मांडलं. ते बरोबर होते. उद्योग बाल्यावस्थेत असताना त्याला आडोसा लागतो. पिंपरी-आकुर्डीची कारखानदारी अशाच आडोशाला वाढली. (त्याच आडोशाने स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायला लावले, हेही त्या पिढीला विचारा.) पण रानड्यांच्या काळातली पुण्याची मुख्य तक्रार काय होती? १८९६ साली सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात कर ठेवला आणि लँकेशायरला झळ नको म्हणून तेवढाच कर इथल्या गिरण्यांच्या कापडावर बसवला. नाव मुक्त व्यापाराचं, ओझं इथल्या उत्पादकावर. टिळक त्याविरुद्ध उठले. आज 'मुक्त व्यापारा'च्या जागी 'ग्राहकहित' हा शब्द ठेवून बघा, लँकेशायरच्या जागी आपणच उभे दिसतो. शेतकरी नेते शरद जोशींना हे दिसलं होतं. चाकणच्या कांदा आंदोलनातून पुढे आलेल्या या माणसाने नव्वदीत शेतीव्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाला पाठिंबा दिला, तेव्हा डाव्यांनी आणि उजव्यांनी मिळून त्यांना झोडपलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: इथल्या शेतकऱ्याला सरकार अनुदान देत नाही, उणे अनुदान देतं, बाजार खुला झाला तर निदान तो खड्डा तरी बुजेल.

अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना प्रचंड अनुदानं देते, हा आक्षेप मात्र मी खोडणार नाही. ब्राझीलने तो खटला जागतिक व्यापार संघटनेतच लढवला आणि जिंकला, एवढंच नोंदवतो. भांडायला जागा आहे ती नियमांमुळे.

"आणि शंभर रुपयांनी कांदा गरिबाने कसा खायचा?" हा काकांचा प्रश्न रास्त आहे. सरकारने बाजारभावाने घ्यावा आणि स्वस्तात वाटावा. तोटा तिजोरीचा, म्हणजे माझा, तुमचा, हिंजवडीचा. तो एकट्या येवल्याच्या कांदाचाळीतून का वसूल करायचा?

म्हणून करार सरकारचे हात बांधतात, या तक्रारीत मला त्यांचा गुण दिसतो. ते पुरेसे बांधत नाहीत, ही माझी तक्रार. जागतिक व्यापाराच्या गॅट करारातल्या अकराव्या कलमात निर्यातबंदीला मनाई आहे, पण अन्नधान्याची तीव्र टंचाई असेल तर तात्पुरती सूट आहे. शेती करारातलं बारावं कलम सांगतं की बंदी घालताना आयातदार देशाच्या अन्नसुरक्षेचा विचार करा, आधी कळवा. ज्याचा माल अडला त्या शेतकऱ्याबद्दल त्या कलमात एक शब्द नाही. ब्रिटनशी २४ जुलै २०२५ ला करार झाला, त्याची इथली चर्चा व्हिस्की आणि मोटारींवरच्या करात अडकली. मी त्या टेबलावर असतो तर एकच ओळ मागितली असती: ठरलेल्या मुदतीची आगाऊ सूचना दिल्याशिवाय शेतमालाची निर्यात थांबवायची नाही, आणि थांबवली तर भावातला फरक सरकारने भरायचा.

"असली ओळ कुठलं सरकार घालून घेईल?" काकांनी विचारलं.

कापडावरचा तो साडेतीन टक्के कर उठायला तीस वर्षं लागली होती, एवढं मी सांगितलं. कांद्यावरचं शुल्क आज उठलेलं आहे. ते परत लावायला ना करार मोडावा लागतो, ना आधी संसदेत मतदान घ्यावं लागतं. एका पानाची अधिसूचना पुरते. काकांनी दोन सफरचंदं पिशवीत टाकली आणि गाडीवाल्याला विचारलं, कांदा कसा दिलास?