चाळिशी लागली म्हणून कमाई का थांबावी?

जुनी माणसे चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणत. नावातच वय आहे. चाळीस ओलांडल्यावर जवळचे धूसर दिसू लागते, ते केस पिकण्याइतके स्वाभाविक आहे. तरीही देगलूरच्या गल्ल्यांत घरी शिलाई मशीन चालवणाऱ्या आपा आणि मावश्या याच वयात काम कमी करतात. आधी दोरा ओवायला पोरीला हाक मारतात, मग बारीक काम परत पाठवतात, शेवटी मशीनवर चादर पडते. घरचे म्हणतात, “आता वय झालं.” खरे तर चष्मा नसतो, एवढेच.

याचा हिशेब मांडला गेला आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचे पाहण्याचा चष्मा मोफत दिला गेला. 2018 मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या त्या अभ्यासात, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांचे काम सुमारे 22 टक्क्यांनी वाढले. म्हणजे चष्म्याचा खर्च हा कमाईचा खर्च आहे.

खर्च आटोक्यातही ठेवता येतो. दुकानात आधी फ्रेम पाहू नका. सरकारी दवाखान्यात डोळे तपासून नंबर कागदावर लिहून घ्या. जुनी फ्रेम धड असेल तर फक्त काचा बदला. केवळ शिलाई-वाचनासाठी साधी एका नंबरची काच पुरते, प्रोग्रेसिव्हची गरज नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून चष्म्यावरचा जीएसटी 5 टक्क्यांवर आला आहे, म्हणून बिल मागा. तयार चष्मा दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल तरच घ्या, मुलांना तो देऊच नका. आणि साखर किंवा डोळ्याचा दाब असेल, तर नुसता नंबर काढणे म्हणजे डोळ्यांची तपासणी नव्हे.

सरकारी योजना आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेतल्या मुलांचे डोळे तपासले जातात. 2024 च्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्या, 65 वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकाला चष्म्यासारख्या साधनांसाठी 3000 रुपये थेट खात्यात देण्याची तरतूद आहे. पण पंचेचाळीस वर्षांची शिवणकाम करणारी बाई ना शाळेत, ना पासष्टीत. घर जिच्या हातावर चालते, तीच दोन्ही याद्यांतून सुटते.

सीमेपलीकडे तेलंगणाने 2018 मध्ये ‘कंटी वेलुगू’ सुरू केले. गावोगावी शिबिरे लावून डोळे तपासले, चष्मे मोफत दिले, 2023 मध्ये दुसरी फेरीही काढली. देगलूरहून तेलंगणा हाकेच्या अंतरावर आहे. तिकडे जे जमले, ते इकडे मागण्यात संकोच कसला?

मागणी मान्य होईपर्यंत मोहल्ल्याने हात बांधून बसू नये. रमजानात धान्याचे किट वाटतो, तशी गल्लीतल्या गरजूंची एक यादी करू. दवाखान्यात तपासणीचा दिवस ठरवून बायांना सोबत नेऊ. जकात-सदक्यातला एक हिस्सा काचांसाठी काढू, आणि सदका देताना शेजारच्या गल्लीतली ताईही यादीत असू द्या. किट महिनाभर पुरते. चष्मा मिळाला तर ती बाई पुढची काही वर्षे स्वतःचे किट स्वतः भरेल.