चूक झाली की मी केली?

मंडळी, आजचा विषय जरा जड आहे. पण विकांत आहे, चहा हातात आहे, तर वाचा.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. शुक्रवारची रात्र, रिलीज चालू होतं. प्रॉडक्शनच्या डेटाबेसवर मी एक डिलीट क्वेरी चालवली आणि तिचा व्हेअर क्लॉज अर्धवट होता. पुढचं इंजिनियर मंडळींना सांगायला नको. बॅकअप होता म्हणून वाचलो, पण क्लायंटचा अर्धा शनिवार गेला. लॉगिन सगळ्या टीमचं एकच, आणि त्या रात्रीचं रिलीज नावावर होतं एका नवीन पोराच्या. कॉलेजातून येऊन त्याला जेमतेम आठ महिने झाले होते. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मी माझ्या लॅपटॉपकडे पाहिलं.

मी खोटं बोललो नाही, बरं का. एक शब्दही खोटा बोललो नाही. रिपोर्ट मीच लिहिला आणि त्यात लिहिलं, "रिलीजदरम्यान चुकीची क्वेरी चालवली गेली." चालवली गेली! कर्मणी प्रयोगाचा एवढा सुंदर उपयोग आमच्या मराठीच्या बाईंनीही कधी शिकवला नव्हता. त्या वर्षी त्या पोराचं रेटिंग घसरलं. पुढच्या वर्षी तो दुसरीकडे गेला.

मी वसईचा कॅथलिक. रविवारी मिस्सा चुकवली तर आई फोनवर अजूनही विचारते. मिस्साच्या सुरुवातीलाच एक प्रार्थना असते, सगळ्यांनी मिळून मोठ्याने म्हणायची. त्यात आपण विचाराने, शब्दाने आणि कृतीने पाप केल्याचं कबूल करतो, शिवाय जे करायला हवं होतं ते केलं नाही याचंही. लहानपणापासून पाठ आहे, त्यामुळे कधी ऐकूच आली नव्हती. त्या घटनेनंतर एका रविवारी ऐकू आली. दोन गोष्टी जाणवल्या. एक म्हणजे चर्चमध्ये शेकडो माणसं असली तरी तिथे प्रत्येक जण "मी" म्हणतो, "आम्ही" नाही. आणि दुसरं, गप्प बसणं हेही त्या यादीत आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: ख्रिस्ती नम्रता म्हणजे मान खाली घालून "मी कसला क्षुद्र" म्हणणं नव्हे. "चूक झाली" ऐवजी "मी केली" म्हणणं, आणि तिथे पूर्णविराम देणं. "पण"ने सुरू होणारं पुढचं वाक्य गिळणं.

लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. एक परूशी आणि एक जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी म्हणतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दहावा भाग देतो, आणि त्या जकातदारासारखा नाही हे किती बरं. जकातदार दूर उभा राहून नुसती दया मागतो. आपण परूश्याला ढोंगी म्हणून मोकळे होतो. पण नीट वाचा, तो एकही गोष्ट खोटी सांगत नाही! तो खरंच उपास करत असेल. त्याचा घोळ एवढाच की तो देवासमोर उभा राहून शेजाऱ्याशी तुलना करतोय. मीही तेच करत होतो: निदान मी खोटं तरी बोललो नाही, बाकीचे तर सर्रास बोलतात.

आता क्षमेचं. मत्तयच्या अठराव्या अध्यायात एका चाकराची गोष्ट येते. त्याचं दहा हजार टॅलेंटचं कर्ज राजा माफ करतो, आणि बाहेर पडल्यावर तो शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो. सवयीप्रमाणे मी हिशोब केला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका टॅलेंटचे साधारण ६,००० दिनार. म्हणजे राजाने सोडलं ते ६ कोटी दिवसांचं काम. वर्षाला ३०० दिवस धरले तर २ लाख वर्षं! पण सोबत्याचे १०० दिनार म्हणजेही तीन-चार महिन्यांचा पगार, चिल्लर नव्हे. हे मला महत्त्वाचं वाटतं. दुसऱ्याने आपलं केलेलं नुकसान क्षुल्लक होतं असं येशू म्हणत नाही. "जाऊ दे, चालायचंच" ही क्षमा नाही, तो कंटाळा आहे. नुकसान नीट मोजून मग सोडायचं, ती क्षमा.

याचं आपल्याच देशातलं उदाहरण सांगतो. केरळच्या सिस्टर राणी मारिया मध्य प्रदेशात उदयनगरच्या भागात गरीब शेतमजुरांना सावकारांच्या विळख्यातून सोडवायचं काम करायच्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना भोसकून मारलं. २००२ साली त्यांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. म्हणून तुरुंगाचं दार लगेच उघडलं नाही, तो सुटला २००६ साली. खून हा खूनच राहिला. बदललं ते नातं. २०१७ साली इंदूरला राणी मारियांना 'धन्यवादित' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा समुंदर सिंह तिथे हजर होता.

हे वाचल्यावर मला माझ्या क्वेरीची लाज वाटली. खुनासमोर एक डिलीट स्टेटमेंट, आणि तेवढंही तोंडातून निघत नव्हतं.

शेवटी गेल्या महिन्यात त्या पोराला फोन केला. तालीम करून ठेवलेलं सगळं विसरलो. म्हणालो, "ती क्वेरी मी चालवली होती."

तो जरा थांबला. मग म्हणाला, "माहितेय सर. लॉगमध्ये तुमच्या मशीनचा आयपी मी त्याच रात्री पाहिला होता."

"मग बोलला का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही बोलाल."

त्याने "इट्स ओके" म्हटलं नाही, हे बरं केलं. म्हणाला, त्या वर्षी फार त्रास झाला, घरीही सांगता आलं नाही. आणि मग म्हणाला, "पण आता बोललात ना. माझ्याकडून संपलं."

जक्कय नावाच्या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत करायचं कबूल केलं होतं. मला त्याचं रेटिंग परत करता येणार नाही. तेव्हाच्या मॅनेजरला मात्र सगळं लिहून मेल पाठवलं, त्यालाही प्रत ठेवली. कर्तरी प्रयोगात.

असो. तुमच्याही एखाद्या रिपोर्टमध्ये असं "चालवली गेली" पडून असेल तर सोमवारची वाट पाहू नका.