खुराकाचा कोर्स करताय? फी भरण्याआधी हे बघा

घरात बारावी झालेलं पोर असेल आणि ते जिमला किंवा तालमीत जात असेल, तर हा विषय तुमच्याकडे निघालाच असेल. "मला स्पोर्ट्स न्यूट्रिशनचं सर्टिफिकेट करायचंय." मोबाइलवर जाहिरात येते. सहा आठवडे, घरबसल्या, आंतरराष्ट्रीय मान्यता, नोकरीची हमी. खाली हप्त्याची सोय.

पोराला झिडकारू नका. काम खरं आहे आणि त्याची गरजही खरी आहे. फक्त पैसे भरायची घाई करू नका.

आधी काम काय ते समजून घ्या. खेळाडूनं काय खायचं, किती खायचं, सरावाच्या आधी काय आणि नंतर काय, उन्हाळ्यात पाणी-मीठ किती, वजनगटात बसायचं कसं, दुखापतीनंतर अंगात ताकद परत कशी आणायची, हे सांगणारा माणूस म्हणजे क्रीडा आहारतज्ज्ञ. सोलापूर जिल्ह्याला हे अगदीच नवं नाही. तालमीतले वस्ताद पिढ्यान् पिढ्या पैलवानाचा खुराक ठरवत आले. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण. त्यातलं बरंच आजही चालतं.

बदललंय ते वजनाचं गणित. मॅटवरच्या आंतरराष्ट्रीय कुस्तीत आता स्पर्धेच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम कुस्तीच्या सकाळी ५० किलोच्या गटात १०० ग्रॅमनं जास्त भरली. आदल्याच दिवशी तिनं तीन कुस्त्या जिंकल्या होत्या. तरी पदक गेलं. तिच्याभोवती तज्ज्ञ मंडळी होती, तरी हे झालं. आपल्याकडचा जिल्हा स्पर्धेला निघालेला पोरगा तर स्वतःच्याच अकलेनं वजन उतरवतो. जेवण बंद, पाणी बंद, भर उन्हात जाड कपडे घालून पळणं. १९९७ मध्ये अमेरिकेत असंच वजन उतरवताना कॉलेजचे तीन पैलवान काही आठवड्यांच्या अंतरानं दगावले. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जाणाऱ्या आपल्या गावात हा खेळ किती धोक्याचा, ते वेगळं सांगायला नको.

म्हणून हे काम शिकणारी माणसं सोलापुरात हवीत. पण नीट शिकलेली.

आता कागदाचं बोलू. सर्टिफिकेट हा या शिक्षणाचा वरचा मजला आहे, पाया नाही. पाया म्हणजे आहारशास्त्राची पदवी. बारावी सायन्सनंतर अन्न व पोषण, आहारशास्त्र किंवा गृहविज्ञान या विषयांत बीएस्सी, पुढे एमएस्सी किंवा पदव्युत्तर पदविका. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठाची गृहविज्ञान महाविद्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. मुंबईत निर्मला निकेतनचं महाविद्यालयही आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत तर क्रीडा पोषण याच विषयात एमएस्सी करता येते. घराजवळ काय मिळतं ते आपल्या अहिल्यादेवी होळकर विद्यापीठात जाऊन विचारा. संलग्न महाविद्यालयांची यादी तिथे मिळते. एजंटला विचारू नका.

पाया एवढा महत्त्वाचा का? कायदा बदललाय म्हणून. २०२१ मध्ये संसदेनं आरोग्याशी जोडलेल्या व्यवसायांसाठी एक कायदा केला. त्याच्या यादीत आहारतज्ज्ञ आहेत आणि क्रीडा पोषणतज्ज्ञाचंही नाव आहे. आरोग्यसेवेतला व्यावसायिक म्हणवून घ्यायला किमान ३६०० तासांचं, तीन ते सहा वर्षांत झालेलं शिक्षण हवं, असं त्यात धरलंय. राज्य परिषद आणि नोंदणीची तरतूदही आहे. सहा आठवड्यांचा कोर्स यात कुठे बसतो, हे तुम्हीच बोटांवर मोजा.

दुसरी गोष्ट त्याहून ताजी आहे आणि पुष्कळ घरांना ठाऊक नाही. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं चालवायला मनाई केली आहे. अन्न व पोषणशास्त्र आणि आहारशास्त्र त्यात आलं. म्हणजे "घरबसल्या बीएस्सी न्यूट्रिशन" असं कुणी आज सांगत असेल, तर तिथूनच उठा. वर्गात बसायचं, प्रयोगशाळेत हात घालायचा, रुग्णालयात उभं राहायचं. याला दुसरी वाट नाही.

पदवीनंतर पुढे जायचं असेल तर इंडियन डायटेटिक असोसिएशनची रजिस्टर्ड डायटिशियनची परीक्षा आहे. त्याआधी रुग्णालयात सहा महिन्यांची इंटर्नशिप करावी लागते. खेळात जायचं मग रुग्णालयात कशाला, असं पोरं विचारतात. उत्तर सोपं आहे. खेळाडूलाही मधुमेह असतो, मूत्रपिंडाचा त्रास असतो, कुणाला झटके येतात. तुमच्या समोर बसलेल्या माणसाला प्रथिनं वाढवायची की कमी करायची, हे रुग्णालयातच कळतं.

आणि मग येतं ते परदेशी सर्टिफिकेट. खरी सर्टिफिकेटं आहेत. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचा क्रीडा पोषणाचा दोन वर्षांचा डिप्लोमा आहे, तो नोकरी सांभाळून करता येतो. इंटरनॅशनल सोसायटी ऑफ स्पोर्ट्स न्यूट्रिशनची परीक्षा आहे. अमेरिकेत खेळाडूंच्या आहारतज्ज्ञासाठी वेगळं प्रमाणपत्र आहे आणि ते मिळवायला आधी दोन वर्षं रजिस्टर्ड डायटिशियन असावं लागतं. तिन्हींत एक गोष्ट सारखी दिसेल. आधीचं शिक्षण विचारल्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही. जो कोर्स तुम्हाला काहीच विचारत नाही, फक्त कार्डाचा नंबर विचारतो, तो काय शिकवणार?

छोटा कोर्स वाईटच असतो असं नाही. जिममध्ये शिकवणाऱ्या पोराला चार गोष्टी समजल्या तर चांगलंच आहे. पण त्याला तेवढंच समजा. त्याच्या जोरावर "डायटिशियन" अशी पाटी लावू नका.

फीकडे या. "आयएसओ प्रमाणित" लिहिलेलं दिसलं की बापाला हायसं वाटतं. आयएसओ ही कामकाजाच्या पद्धतीची मोहोर आहे, पदवीला मान्यता नव्हे. उद्यम नोंदणीही तशीच, ती धंद्याची नोंदणी. मान्यता बघायची तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत बघा. बोगस विद्यापीठांची यादीही आयोगच जाहीर करतो, तीही चाळा. कौशल्याचा कोर्स असेल तर त्याला एनसीव्हीईटीची मान्यता आहे का ते विचारा.

हप्त्याचं नीट ऐका. बिनव्याजी हप्ता म्हणून जे सांगतात, ते बहुतेक वेळा एखाद्या वित्त कंपनीचं कर्ज असतं. तुमच्या नावावर. पोरानं तिसऱ्या आठवड्यात कोर्स सोडला तरी कर्ज चालू राहतं. हप्ता चुकला की तुमची पत खराब होते. पुढे घरासाठी किंवा यंत्रमागासाठी बँकेत गेलात की तो साहेब हेच काढून दाखवतो. फोनवर ओटीपी सांगून कुठलाही करार करू नका. कागद घरी आणा, वाचा, शेजारच्या शिक्षकाला दाखवा.

शिकायला लागल्यावर आपल्या स्वयंपाकघरापासून सुरुवात करा. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. पुस्तकातले तक्ते पास्ता आणि ओट्सचे असतात. तुमच्या समोर बसणारा पोरगा कडक भाकरी, शेंगा चटणी आणि मटकीची उसळ खाऊन येणार आहे. त्याला ओट्स सांगून काय होणार?

हिशोब करून बघा. साध्या माणसाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, असं राष्ट्रीय पोषण संस्थेचं माप आहे. जोरात सराव करणाऱ्या खेळाडूला १.२ ते २ ग्रॅम, असं जगभरचे क्रीडा आहारतज्ज्ञ धरतात. साठ किलोचा पोरगा असेल तर ७२ ते १२० ग्रॅम. आता ताट मांडा. दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या, त्यात २० ग्रॅमच्या आसपास. अर्धा लिटर दूध, सोळा-सतरा. दोन अंडी, बारा. मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे, बारा. ५० ग्रॅम कोरडी मटकी भिजवून उसळ केली, दहा. झाले सत्तर. वर एक वाटी डाळ आणि थोडं दही घेतलं की खालची पायरी सहज ओलांडली. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी पडतं ते डाळ-उसळ भरून काढते, म्हणून भाकरी एकटी खायची नसते. आपल्या आज्यांना हे तक्त्याशिवाय ठाऊक होतं. सराव वाढला की अंडी, चिकन, पनीर वाढवायचं.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि तिथल्याच पोराला वाटतं ताकद पावडरच्या डब्यात असते. असो.

डब्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढल्या. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असंच सांगितलंय. एखाद्या मोठ्या खेळाडूला तज्ज्ञाच्या देखरेखीखाली पावडर लागूही शकते. पण नाक्यावरच्या दुकानातून, बिलाशिवाय, "भाऊ, इम्पोर्टेड आहे" म्हणून दिलेला डबा घरात आणू नका. डब्यावर एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक बघा. बॅच नंबर बघा. पक्कं बिल घ्या.

खेळाडूसाठी धोका आणखी मोठा आहे. उत्तेजकांच्या नियमात, अंगात जे सापडेल त्याचा जाब खेळाडूलाच द्यावा लागतो. कुणी दिलं, कसं आलं, हे नंतरचं. नरसिंग यादव तीन वेळचे महाराष्ट्र केसरी. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्यांच्या तपासणीत बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कुणीतरी ते मिसळलं, असं त्यांचं म्हणणं होतं. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेनं त्यांना मोकळंही केलं. पण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादानं ते मानलं नाही आणि चार वर्षांची बंदी घातली. कुस्ती न खेळताच ते रिओहून परतले. एवढ्या मोठ्या पैलवानाचं हे झालं. तुमच्या पोरानं पहिल्याच राज्य स्पर्धेला भेसळीची पावडर खाल्ली तर त्याच्या बाजूनं कोण उभं राहणार?

म्हणून या क्षेत्रात उतरणाऱ्या पोरापोरींना माझं एकच कडक सांगणं आहे. डबे विकू नका. जिममध्ये सल्ला देणाऱ्याला डब्यामागे कमिशन मिळतं, हे सगळ्यांना माहीत आहे. सुरुवातीला फी कमी मिळते आणि कमिशन खुणावतं. पण ज्याला विकायचंय, त्याचा सल्ला सल्ला राहत नाही. नाडा, म्हणजे उत्तेजकविरोधी राष्ट्रीय संस्था, बंदी असलेल्या औषधांची माहिती देते. ती वाचायची सवय पहिल्या वर्षापासून लावा. खोकल्याचं औषधही तपासूनच सांगा.

मुलींच्या आईवडिलांशी थोडं वेगळं बोलायचंय. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे २०२२ मध्ये भारताच्या क्रिकेट संघातून खेळली. खो-खो, कबड्डी, कुस्ती, सगळीकडे आपल्या मुली उतरताहेत. देशात १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरातल्या ५७ जणींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत दिसलं. पळणाऱ्या मुलीला धाप लागते, आणि प्रशिक्षकाला वाटतं ती आळशी आहे. पाळी चुकायला लागली तर ती वस्तादांना कशी सांगणार? ती बाईलाच सांगेल. तिथे शिकलेली बाई हवी. तुमची लेक हे शिकू म्हणत असेल, तर पुण्याला पाठवायचा खर्च जड आहे हे मान्य. शिष्यवृत्ती, वसतिगृह बघा. पण "मुलीला कशाला एवढं" म्हणून अडवू नका.

शिकता शिकता आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी तालमीत, पार्क स्टेडियमवर किंवा शाळेच्या मैदानावर जाऊन बसा. खेळाडू काय खातात ते लिहा. लगेच सल्ला देऊ नका. आधी वस्तादांचं ऐका. बदामाची थंडाई चुकीची म्हणून सांगायला गेलात तर दुसऱ्या दिवशी कुणी बोलणार नाही. मात्र एखादा पोरगा स्पर्धेआधी पाणी सोडतोय असं दिसलं तर गप्प बसू नका. वस्तादांना बाजूला घेऊन सांगा.

आणि ज्यांनी फी आधीच भरलीय, त्यांनी घाबरून जाऊ नका. कोर्स पूर्ण करा. जे कळलं ते निरोगी माणसाच्या रोजच्या ताटापुरतं वापरा. मधुमेह, मूत्रपिंड, गरोदरपण, वाढत्या वयाची मुलं, असं काही समोर आलं तर डॉक्टरांकडे पाठवा.

ज्यांनी अजून भरलेली नाही, त्यांनी संस्थेला चार ओळींचं पत्र लिहा. प्रवेशाला कोणतं शिक्षण लागतं? मान्यता कुणाची, आणि तिचा क्रमांक काय? प्रत्यक्ष काम कुठे, किती तास? सोडल्यास फी किती परत? उत्तर लेखी मागा, फोनवर नको. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर ते पैसे बाजूला ठेवा, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला लागतीलच.