गोळी पोहोचते तोवर नळी मिटलेली असते

करंजी करताना पारीत सारण भरतात, पारी दुमडतात आणि कडा बोटाने दाबतात. कड एका जागी जरी चिकटली नाही, तरी करंजी तेलात उकलते. माणसाचा मेंदू घडतानाही अशीच एक दुमड जुळावी लागते. गर्भधारणेनंतर तिसऱ्या आठवड्यात गर्भाच्या पाठीकडची पेशींची पट्टी मधोमध खचते. तिच्या कडा वर येतात, मानेच्या जागी एकमेकींना भिडतात आणि तिथून वर-खाली जुळत जातात. २८व्या दिवसाच्या सुमारास नळी बंद होते. तिच्या वरच्या भागाचा मेंदू होतो, उरलेल्या भागाचा मज्जारज्जू.

वरचं टोक उघडं राहिलं, तर मेंदूचा मोठा भाग आणि कवटी घडतच नाही. असं बाळ जगत नाही. खालची बाजू उघडी राहिली, तर मूल पाठीवर गाठ घेऊन जन्माला येतं. पायांकडे आणि मूत्राशयाकडे जाणाऱ्या नसांना तिथेच इजा झालेली असते. शस्त्रक्रियेने गाठ बंद करता येते. पायांतलं गेलेलं बळ सहसा परत येत नाही.

यातलं बरंचसं टाळता येतं. आधी असं बाळ झालेल्या महिलांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिलं, तर पुन्हा तसं होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटतो, हे १९९१ साली सात देशांतल्या चाचणीत सिद्ध झालं. असं बाळ आधी न झालेल्या महिलांनाही फायदा होतो, हे पुढच्या वर्षी हंगेरीत दिसलं. या जीवनसत्त्वाचा पहिला माग लागला तो मुंबईत. डॉ. लुसी विल्स १९२८ साली इथे आल्या आणि गिरणगावातल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला.

अडचण वेळेची आहे. पाळी चुकते तेव्हा गर्भ साधारण दोन आठवड्यांचा असतो. सून आणखी पंधरा दिवस वाट पाहते, मग घरात सांगते, मग आशाताईंकडे नोंद होते. बारा आठवड्यांच्या आत झालेली नोंद सरकारी हिशेबात वेळेवरची ठरते, पण हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, आणि बाराव्या आठवड्याला नळी मिटून दीड महिना झालेला असतो.

शाळेत मुलींना दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी रक्तक्षयासाठी आहे. तिच्यात ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. मूल हवं असलेल्या स्त्रीला रोज ४०० लागतं, म्हणजे आठवड्याला २,८००. मेथी, पालक, हरभरा ताटात हवेतच, पण एवढी भर नुसत्या जेवणातून पडेल असं धरून चालता येत नाही. गर्भधारणेआधीपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावं, असं केंद्राच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमातही लिहिलेलं आहे. कागदावरची ही ओळ नव्या सुनेच्या हातात गोळी होऊन पडायला हवी.

दिवस जाण्याआधीच सुनेपर्यंत पोहोचता येतं, याचा धडा पैठण तालुक्यातल्या पाचोडला मिळतो. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने किशोरवयीन मुली आणि कमी वयात लग्न झालेल्या सुना यांच्यात वर्षानुवर्षं काम केलं. अविवाहित मुलींसाठी जीवनकौशल्याचे वर्ग घेतले, लग्न आणि पहिलं बाळंतपण लांबवण्यासाठी घरोघरी बोलणं केलं. दिवस जाण्याची वाट न पाहता हे काम सुरू झालं होतं.

तीच वाट गावोगावी धरता येईल. लग्नानंतर आशाताई नव्या जोडप्याचं नाव जननक्षम जोडप्यांच्या नोंदवहीत लिहितात. मूल कधी हवं, हे त्याच भेटीत सुनेला विचारावं आणि लवकर हवं असेल तर ४०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या तेव्हाच द्याव्यात. आधी पाठीवर गाठ असलेलं बाळ झालं असेल, तर मात्रा दसपट लागते. त्या घराला पुढचं मूल ठरवण्याआधीच डॉक्टरांकडे पाठवावं.