‘फुल अँड फायनल’चा अर्थ कोण शिकवणार?

वकिलीच्या व्यवसायात रोज शेकडो कागद आमच्या हाताखालून जातात. त्यातला एक कागद मात्र आम्ही विसरू शकत नाही. एका ठेकेदाराकडे नऊ वर्षे झाडलोट केलेल्या एका भगिनीने तो आणला होता. काम सुटले तेव्हा तिच्या हातात शेवटच्या महिन्याचा पगार ठेवला गेला आणि इंग्रजी कागदावर तिची सही घेतली गेली. त्यात लिहिले होते, ‘रिसीव्हड इन फुल अँड फायनल सेटलमेंट ऑफ ऑल माय क्लेम्स.’ सही करण्यापूर्वी या माऊलीने तो कागद बारावी पास झालेल्या मुलाला दाखवला होता. मुलाने अडखळत का होईना, पण वाचला. फुल म्हणजे पूर्ण, फायनल म्हणजे शेवटचा. तो म्हणाला, ‘आई, शेवटचा पगार पूर्ण मिळाला असे लिहिले आहे. कर सही.’

त्या मुलाला दोष द्यायचा का? एकही शब्द त्याला अडला नव्हता. पण सुटे शब्द कळले आणि वाक्य कळले नाही! त्या ओळीचा अर्थ असा होता की, माझे सगळे येणे मिळाले, यापुढे माझी कसलीही मागणी उरली नाही. ग्रॅच्युइटीसारखा कायद्याने दिलेला हक्क अशा एका सहीने संपत नाही, हे आम्ही तिला सांगितले आणि अर्जही दाखल केला. परंतु समोरचा वकील प्रत्येक तारखेला तोच कागद नाचवतो आणि सरळ मिळायचे पैसे तारखांत अडकून पडतात. गरिबाच्या घरात या विलंबाची किंमत काय असते, हे वाचकांना सांगायला नको.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज आई-बाप झाली आहेत. तरीही एक साधी नोटीस घेऊन लोक वकिलाकडे धावत येतात. असे का व्हावे? कारण आपल्याला इंग्रजी शिकवले गेले ते शब्द आणि त्यापुढे अर्थ अशा दोन रकान्यांत. शब्द पाठ, अर्थ पाठ, परीक्षा संपली की वही रद्दीत. तो शब्द कुठे वापरतात, कोण कोणाला म्हणतो, आणि दुसऱ्या शब्दाला चिकटला की त्याचा अर्थ कसा फिरतो, हे शिकवलेच गेले नाही.

आपल्या मुलांना येणारे प्रवेशाचे पत्र पाहा. त्यात अशा धर्तीची ओळ असते, ‘ॲडमिशन इज सब्जेक्ट टू सबमिशन ऑफ व्हॅलिडिटी सर्टिफिकेट, फेलिंग विच इट शॅल स्टँड कॅन्सल्ड.’ सब्जेक्ट म्हणजे विषय, फेल म्हणजे नापास, स्टँड म्हणजे उभे राहणे. या तीन पाठ अर्थांनी ती ओळ लावून पाहा. काही हाती लागते काय? खरा अर्थ असा की, जात वैधता प्रमाणपत्र देण्याच्या अटीवर हा प्रवेश आहे. ते दिले नाही तर प्रवेश आपोआप रद्द होईल. ‘सब्जेक्ट टू’ म्हणजे अट, ‘फेलिंग विच’ म्हणजे तसे न केल्यास. या दोन जोड्या ज्याला ठाऊक आहेत तो मुलगा त्याच दिवशी समितीच्या कार्यालयात जातो. ज्याला ठाऊक नाहीत तो ॲडमिशन झाले म्हणून पेढे वाटतो.

मुंबई-पुण्यात भाड्याने राहणारा प्रत्येकजण ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारावर सही करतो. लिव्ह म्हणजे सोडणे किंवा रजा, एवढेच शाळेत सांगितलेले. या करारात मात्र लिव्ह म्हणजे परवानगी. म्हणजे आपण भाडेकरू नाही, जागा वापरण्याची मुभा मिळालेले आहोत. आणि या एका शब्दाने आपले हक्क बदलतात!

रोजच्या बोलण्यातही तेच. मुलाखतीला गेलेल्या तरुणाला विचारतात, ‘वुड यू माइंड वेटिंग आउटसाइड?’ तो नम्रपणे म्हणतो, ‘येस सर.’ शब्दशः त्याचा अर्थ होतो, होय, माझी हरकत आहे. तिथे ‘नॉट ॲट ऑल’ म्हणायचे असते. हे शब्दकोशात शोधून सापडत नाही. ज्यांच्या घरात हे बोलणे कानावर पडते, ती मुले न शिकताच शिकतात. आपल्या घरात ते कानावर पडत नाही. म्हणून आपल्याला ते ठरवून शिकावे लागेल.

सावित्रीमाईंनी १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो मिरवण्यासाठी नव्हे. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारसी घ्यावी लागली. इंग्रजी मात्र त्यांनी अशी आत्मसात केली की गोलमेज परिषदेत राज्यकर्त्यांशी त्यांच्याच भाषेत ते बोलले. आणि आपल्या माणसांशी बोलण्यासाठी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला तो मराठीत! कोणती भाषा कुठे चालवायची, याचे हे भान आपण घेतले पाहिजे. आजही संविधानाच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आवडो न आवडो, आपल्या जमिनीचा, नोकरीचा, अत्याचाराचा खटला शेवटी त्याच भाषेत लिहिला जातो.

मग करायचे काय? महागड्या क्लासची वाट पाहू नये. रविवारी विहारात वंदना झाल्यावर एक तास ठेवावा. पुस्तक नको, घरात आलेले कागदच आणावेत. बँकेची स्लिप, दवाखान्याचा केसपेपर, कंपनीचे पत्र, मोबाईलवरचा संदेश. एका तासाला पाचच वाक्प्रयोग घ्यावेत. वहीत चार गोष्टी लिहाव्यात: वाक्प्रयोग कुठे आढळला, कोणी कोणाला उद्देशून वापरला, तो न कळल्यास नुकसान काय, आणि आपले स्वतःचे एक वाक्य. वर्षाच्या पन्नास रविवारांत अडीचशे वाक्प्रयोग होतात. रोजच्या व्यवहारातली भीती जायला एवढे पुष्कळ आहेत. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी आणि आमच्यासारख्या वकिलांनी महिन्यातून एक रविवार दिला, तर फार मोठा त्याग होणार नाही.

आणि तोवर? न कळलेल्या कागदावर सही करू नये. मराठीत समजावून सांगा म्हणण्यात कसलाही कमीपणा नाही. पैसे घेणे भागच असेल तर सहीच्या वर स्वतःच्या हाताने मराठीत लिहावे, ‘फक्त अमुक महिन्याचा पगार मिळाला, बाकी सर्व हक्क राखून.’ आणि त्या कागदाची प्रत मागून घ्यावी.

त्या भगिनीचा मुलगा आता प्रत्येक तारखेला आईबरोबर येतो. परवा कोर्टाच्या बाकावर बसून तो एका अनोळखी म्हाताऱ्याला नोटीस वाचून दाखवत होता. एका ओळीवर तो थांबला, उठून आमच्याकडे आला आणि म्हणाला, ‘साहेब, शब्द कळतात, पण सगळा मिळून अर्थ काय?’ हा प्रश्न विचारायची सवय त्याला सहीच्या आधी लागली असती, तर त्याची आई आज त्या बाकावर बसली नसती.