हात सोपविण्यापूर्वी

रात्री जाग यावी ती अंगठा आणि शेजारची बोटे बधिर होऊन, हात झटकल्यावर क्षणभर बरे वाटावे आणि सकाळी खडू किंवा लेखणी धरताना बोटांनी दगा द्यावा, ही तक्रार शिक्षकांत आणि कारकुनांत अपरिचित नाही. कोणी ती वर्षानुवर्षे बाम चोळून अंगावर काढतो. कोणी ‘नस दबली आहे’ हे शब्द कानी पडताच शस्त्रक्रियेस तयार होतो. दोहोंच्या मुळाशी आपल्याच हाताविषयीचे अज्ञान आहे.

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा आहे. तळाला व कडांना हाडे आणि वर अस्थिबंधाचा जाड आडवा पट्टा. त्यातून बोटे वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. जागा अपुरी पडली की हा मज्जातंतू चेपतो. करंगळीचा पुरवठा दुसऱ्या मज्जातंतूकडे असल्याने ती बहुधा वाचते. अशा दाबाचे वर्णन जेम्स पॅजेट यांनी १८५४ साली केले, तर तो शस्त्रक्रियेने दूर केल्याचा वृत्तांत जेम्स लिअरमंथ यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. पट्टा छेदून बोगद्याचे छप्पर मोकळे करणे, हेच या शस्त्रक्रियेचे सार. बहुधा केवळ हात बधिर करून ती होते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

मात्र लहान शस्त्रक्रिया म्हणजे क्षुल्लक शस्त्रक्रिया नव्हे. अंगठ्याच्या स्नायूंना जाणारी नाजूक शाखा तेथूनच निघते. तिला इजा झाली तर अंगठा दुबळा होतो. छेद अपुरा राहिला तर दुखणे राहते. सारे सुरळीत झाले तरी पकड पूर्ववत होण्यास काही आठवडे, प्रसंगी काही महिने लागतात. म्हणून शल्यविशारद निवडताना पाटीवरील पदव्यांच्या लांबीपेक्षा त्याच्या उत्तरांचे मोल अधिक मानले पाहिजे.

निदान पक्के आहे काय, हा पहिला प्रश्न. मानेच्या मणक्यांचे विकार, मधुमेह आणि आपल्याकडे कुष्ठरोग यांमुळेही हात बधिर होतो. मज्जातंतूच्या वहनाची चाचणी येथे उपयोगी पडते. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी किंवा इंजेक्शन यांनी भागण्याजोगे आहे काय, हा दुसरा. गरोदरपणातील त्रास तर पुष्कळदा प्रसूतीनंतर आपोआप ओसरतो. डॉक्टर ही शस्त्रक्रिया नियमितपणे करतात काय आणि उघड्या छेदाने की दुर्बिणीतून, हा तिसरा. दुर्बिणीमुळे कामावर थोडे लवकर परतता येत असेल. पण दूरच्या परिणामांत दोन्ही पद्धतींत फारसा फरक नाही. तेव्हा केवळ यंत्राच्या दिपवणुकीला भुलून अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

असे प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखविणे, असा संकोच अजूनही आढळतो. वस्तुतः उपचाराचे स्वरूप, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती दिल्यावर घेतलेली संमती हीच खरी संमती, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ सालच्या एका निकालात स्पष्ट केले आहे. विद्यार्थ्याने प्रश्न विचारावा म्हणून झटणाऱ्या शिक्षकानेच डॉक्टरांसमोर मौन पाळावे, ही विसंगती आहे. आणि उत्तर देण्यास ज्याला वेळ नाही, त्याच्या हाती आपला हात देण्याची घाई कोणी करू नये.

परंतु चौकशी ही चालढकलीची सबब होता कामा नये. बधिरपणा अखंड राहू लागला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा खपाटीला गेला, की पुढे उत्तम शस्त्रक्रियेनेही गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नाही. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल, तर मुंबईच्या केईएम किंवा पुण्याच्या ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांतील अस्थिरोग विभागांचा मार्ग मोकळा आहे. ज्यांचा संसार लेखणीच्या टोकावर चालतो, त्यांना अंधश्रद्धेने हात सोपविणे परवडणारे नाही आणि भीतीने तो गमावणे तर मुळीच नाही.